कल्पिताच्या पेटीतल्या गाड्या

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे खरं आहे. डोंबिवलीत, माझा मावसभाऊ महेंद्र याच्या घरी, गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी भर दुपारी हे सुरू झालं.

महेंद्रची धाकटी बहीण कल्पिता लहानपणी गाड्यांचे ब्रोशर जमवायची. तेव्हा ते वर्तकनगरला राहायचे. आबांचं, म्हणजे वडिलांचं बोट धरून ती ठाण्यातल्या शोरूम पालथ्या घालायची. रद्दीवाल्याकडून विलायती गाड्यांचे जुने ब्रोशर आणायची. मग ते ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीपुढे मांडी घालून तोंडानेच गाडी चालवायची.

घुर्रर्र... घुर्रर्र...

महेंद्र तिला येडी म्हणायचा. पेटीला त्याने कधी हातही लावला नाही.

गेल्या वर्षी कल्पिता आजारपणात गेली. पेटी महेंद्रकडे आली. आणि या गृहस्थाने काय करावं? ब्रोशरचे फोटो फेसबुकवर टाकले. वर लिहिलं, ‘माझं लहानपण. आबांचं बोट धरून मी हे जमवले.’

लोकांनी डोक्यावर घेतलं. जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपने तर बोलावून शाल-श्रीफळ दिलं.

“अहो, कल्पिताताईंचं नाव तरी टाका,” त्याची बायको वैशाली म्हणाली.

“मेलेल्या माणसाला लाईक घेऊन काय करायचंय?”

एवढं तो बोलला...

आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

घुर्रर्र...

तो धावत गेला. खोलीत कुणी नव्हतं. पेटी उघडी होती. ब्रोशर जागच्या जागी.

पण भिंतीवरचा फोटो...

त्यात दोघं भावंडं कुणाच्यातरी फियाटला टेकून उभी होती. आता कल्पिता एकटीच होती. महेंद्रच्या जागी गाडीचा दरवाजा दिसत होता.

त्याने आईला, माझ्या मालनमावशीला फोन लावला.

“आई, फियाटपाशी काढलेल्या फोटोत मी होतो ना गं?”

“तू? छे रे! तेव्हा घरात लेकरू म्हणून कल्पिता एकटीच होती.”

घुर्रर्र...

या वेळी अगदी पाठीमागे.

लहानपणी तो कंपाउंडच्या भिंतीवरून पडलेला. गुडघ्याला चांगली खोक पडली होती. त्याने घाईघाईने पँट वर केली.

गुडघ्यावर खूण नव्हती.

त्याने जुनी पोस्ट काढून टाकली. कल्पिताचं नाव घालून नवी टाकली. पेटीपुढे नाक घासलं.

“चुकलो गं कल्पे! सगळं तुझंच आहे. माझं मला दे...”

आवाज थांबला. फोटो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे कल्याणला आला. चेहरा पांढराफटक.

“तू तरी सांग ना रे. आपण गच्चीवर पतंग उडवायचो. तुझी फिरकी कोण धरायचं?”

“तूच की,” मी म्हटलं.

खोटं बोललो. त्या गच्चीवर मला फक्त कल्पिता दिसते, माझी फिरकी धरून हसणारी.

काल मावशीचा फोन आला.

“अरे, हा महेंद्र कोण आहे? रोज फोन करतो, रडतो... आणि मला आई म्हणतो.”

मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून महेंद्रचा फोन सारखा येतोय, आणि तो उचलायची माझी हिंमत होत नाही.