सोलांजचा हुंदका

जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात कुणाच्या हाताला काय लागेल, सांगता येत नाही. प्रांजलीच्या हाताला एक जुनी पेटी लागली. आणि पेटीच्या दुसऱ्या कडीला त्याच वेळी आणखी कुणाचा तरी हात होता...

पेटीत रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्याच्याखाली तीन रेकॉर्डी. वरच्या वेष्टनावरचं नाव वाचलं आणि प्रांजलीने कडी आणखी घट्ट धरली. सोलांज व्हेर्नो!

प्रांजली करमाडची. वेरूळला येणाऱ्या फ्रेंच पाहुण्यांना त्यांच्या भाषेत लेणी दाखवायची. ती भाषा तिच्या जिभेवर बसवली ती सोलांजच्या गाण्यांनी. पण ती सगळी नंतरची गाणी, मागे वीस-वीस व्हायोलिनं वाजणारी. पहिले तीन अल्बम, नुसती गिटार आणि डोंगरातली लोकगीतं, इंटरनेटवर शोधून शोधून ती थकली होती. आणि ते इथं, गंजक्या पान्यांच्या ढिगाशेजारी पडलेले!

"भाऊ, सोडा ना. मी आधी धरलीय."

"पेटी पाहिजे तर धरून ठेवा," तो म्हणाला, "पण भाऊ नका म्हणू."

प्रांजलीने मान वर केली. सावळा, किडकिडीत, आणि डोळ्यांत असं हसू, की रागवायचं ठरवलेलं माणूसही विसरून जावं. त्याला रेकॉर्डी नको होत्या, मशीन हवं होतं. क्रांती चौकामागच्या गल्लीत त्याचं रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. नाव सुदर्शन. वाटून घेऊ म्हटलं, तर विकणारे चाचा ऐकेनात.

"तोडके नै देता. लेना है तो पूरा लेव, दोनो मिलके लेव."

दोघांनी मिळून घेतली. ठरलं असं, की सुदर्शनने मशीन दुरुस्त करायचं, प्रांजलीने गाणी मोबाईलवर भरून घ्यायची आणि रेकॉर्डी घेऊन आपल्या वाटेनं जायचं. किती सोपं! पण सोपं ठरवलेलं कधी सोपं राहिलंय?

"चकती फिरवणारा रबरी पट्टा सडलाय," दुकानातल्या पहिल्याच भेटीत सुदर्शन म्हणाला. "दिल्लीहून मागवलाय. तवर टेपरेकॉर्डरचा बसवलाय. जरा सैल आहे. भरून घेऊ नका इतक्यात, नुसतं ऐका."

नुसतं ऐकायला ती दर संध्याकाळी येऊ लागली. वेरूळहून परतताना, पडेगाव ओलांडलं की उगीचच वेणी सारखी करायची. भादव्यातला भुरभुर पाऊस दुकानाच्या पत्र्यावर वाजत राही, दोन कट चहा येत, आणि सोलांज गाऊ लागे. आवाज जड, संथ, ओला... नंतरच्या सोलांजपेक्षा अगदी वेगळा. उमेदीच्या वयात तिचा आवाज असाच जड असेल, असं प्रांजलीने मानून घेतलं.

"काय म्हणती ती?" सुदर्शन विचारायचा.

"मेंढपाळाचं गाणं आहे. मुलगी म्हणते — तू पल्याड, मी अल्याड, मध्ये पाणी. मी काय म्हणू, तूच सांग."

गाण्यामागे काहीतरी ठप्प... ठप्प वाजत होतं, लांब जाणाऱ्या पावलांसारखं. आणि अगदी शेवटी सोलांजला हुंदका फुटायचा.

"म्हणजी निरोप देती," सुदर्शन हळूच म्हणाला.

"हो. निरोपच."

तो हातातला स्क्रू फिरवू लागला. मग म्हणाला, "करमाडला ओढ्याकाठचं रान तुमचंच ना? तुमच्या वडलांचं, रामकिसन अण्णांचं?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या बापाच्या मेंढ्या बसायच्या तिथं. रात्रभर रानात मेंढ्या बसवायच्या, रानाला खत, आमाला ज्वारी. तुमी वाड्यावर, आमी वाघुरीत, मेंढ्यांच्या जाळीच्या कुंपणात. मधी ओढा." तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलंच नाही. "तुमच्या गाण्यावानीच."

त्या संध्याकाळी प्रांजलीला घरी जेवण गेलं नाही. काय झालंय ते तिला चांगलंच कळलं होतं. तिला तो आवडला होता, फार आवडला होता. आणि तो मात्र एका परक्या बाईच्या हुंदक्याला प्रांजलीचं उत्तर समजून बसला होता.

त्यातच जयपूरच्या एका कंपनीचा फोन आला. फ्रेंच गाईड हवी, पगार बरा, उद्यापर्यंत कळवा. थांब म्हणणारं कुणी असतं तर गोष्ट वेगळी होती. ती तडक दुकानात गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. मग त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

एक शब्द तरी बोल रे बाबा...

 सुदर्शनने खण उघडला, छोट्या पिशवीतून नवा कोरा पट्टा काढला, मशीनवर चढवला. "आता गाणी भरून घ्या. बरोबर वाजंल," तो खाली बघत म्हणाला आणि सुई ठेवली.

आणि दुकानात एक पोरगी हसत शिरल्यासारखं झालं.

तेच गाणं. तेच शब्द. पण आवाज पातळ, खट्याळ, पाण्यावर उड्या मारत जाणारा. सैल पट्ट्यावर चकती हळू फिरत होती, म्हणून इतके दिवस सगळं जड आणि संथ वाजत होतं. ती लांब जाणारी पावलं म्हणजे टाळ्या होत्या! तू पल्याड, मी अल्याड, मध्ये पाणी. मी काय म्हणू, तूच सांग... ही निरोप कसला देते, ही तर त्याला चिडवतेय, ये म्हणतेय! आणि शेवटचा तो हुंदका... तो हुंदका नव्हताच. गाता गाता सोलांजला हसू फुटलं होतं.

प्रांजलीने सुई उचलली.

"हा पट्टा कधी आला?" तिने विचारलं.

सुदर्शनचे कान लाल झाले. "पहिल्याच आठवड्यात."

"आणि बसवला नाही?"

"बसवला असता तर मशीन नीट झालं असतं. मशीन नीट झालं असतं तर... तुमी गेला असता."

"चोरा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ मात्र हसायचे थांबत नव्हते. "स्वतःच गाणं रडवलंस आणि स्वतःच रडत बसलास? आणि मी जयपूरला चालले तरी तोंडातून शब्द नाही?"

'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, ते दोघांनाही कळलं नाही.

"जा की जयपूरला," तो म्हणाला.

प्रांजलीचा चेहरा उतरला.

"ऐक तर. तुझा सीझन दिवाळी ते होळी. माझा बाप दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन निघतो, पाऊसकाळाच्या तोंडाला घरी येतो. माय कधी रडत नाय. आमच्यात माणूस लांब गेला म्हणजी सोडून गेला, असं नसतंय." मग धीर करून म्हणाला, "मला तू पाहिजेस, प्रांजली. लई पाहिजेस. फिरून ये. मी हितंच आहे."

इतकं सरळ कुणी तिच्याशी कधी बोललं नव्हतं. तिने मशीनवरचा त्याचा हात धरला. बाहेर भुरभुर चालूच होती.

"अण्णा दरवर्षी कुरकुरतात," ती म्हणाली. "मेंढ्या बसायच्या बंद झाल्या, रानाचा कस गेला म्हणतात."

"मग बापाला घेऊन येतो. मेंढ्या बसवायचं बोलायला."

"नुसतं मेंढ्यांचंच?"

"सुरवात मेंढ्यांपासून. मंग सावकाश आपल्यावर येतो."

"सावकाश नको," प्रांजली म्हणाली. "सावकाशीनेच तर सगळा घोळ केला."