साइड संपू दे

दुपारी दोनचा खेळ होता. रॉक बँडचा, आणि दुपारी दोनला. वाजवणारे सत्तरी ओलांडलेले, ऐकणारे त्यांच्याच वयाचे, सगळ्यांना गोळ्या घेऊन वेळेत झोपायचं असतं. माझ्या बापाचे गुडघे गेलेत, गाडी मीच चालवते, म्हणून त्याला डडली गावातल्या नाट्यगृहात मी घेऊन गेले. न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच काम.

बँडचं नाव वेस्ट फर्नेस. 'सॉल्ट चॅपल' ही त्यांची जुनी तबकडी ते पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, त्याच क्रमाने वाजवणार होते. जिथे तबकडी उलटायची, तिथे मध्यंतर. आमच्या घरात ही तबकडी म्हणजे धर्म होता आणि त्या धर्माचा नियम एकच: साइड, म्हणजे तबकडीची एक बाजू, मधेच तोडायची नाही. सुई टेकली की कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही. फोन वाजू दे, दार वाजू दे. लहानपणी मी मांड्या आवळून बसायचे, पण उठायचे नाही.

दोन वर्षांपूर्वी आई स्वयंपाकघरात कोसळली आणि गेली. बाप सांगतो, तो तेव्हा दूध आणायला गेला होता. मी कॉलेजातून आले तेव्हा दारात अॅम्ब्युलन्स होती आणि बाप त्या लोकांना बिनदुधाचा चहा देत होता. बाहेरच्या खोलीत तबकडी फिरत होती. साइड कधीच संपलेली, सुई आतल्या कडेला खरडत होती. खर्र, टक. खर्र, टक. त्या दिवसापासून चौथ्या गाण्यात सुई उडते. 'दिवा राहू दे' अशी ओळ आहे, तिथे अडते, तीनदा तेच म्हणते आणि पुढे जाते. आधी असं होत नव्हतं.

कॉलेज मी त्याच महिन्यात सोडलं. बाप मला वाया गेलेली म्हणतो. मला त्याच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती. तू घरात होतास का? गाडीत विचारायचं ठरवलं होतं. त्याने वाटभर खिडकीकडे तोंड करून मांडीवर ताल धरला आणि माझं विचारणं राहून गेलं.

ते नाट्यगृह म्हणजे जुनं सिनेमागृह. ओले कोट, बिअर आणि सांधेदुखीच्या मलमाचा वास. बापाच्या शेजारी त्याचा दोस्त डेस तळलेल्या डुकराच्या कातड्याचं पाकीट कुरकुरवत बसला होता.

"काय गं कीली, अजून घरीच बसून?"

"तुमच्यासारखीच, डेस. फक्त तुम्हाला त्याचं पेन्शन मिळतं."

"क्लाइव्ह, पोरीची जीभ बघ."

"गप्प बसा दोघं," बाप म्हणाला. "सुरू होतंय."

अंधार झाला. पहिला सूर जमिनीतून आला, तळपायातून वर चढला. तीन गाणी ठीक गेली. म्हणजे त्यांची ठीक गेली. माझा एक पाय सारखा हलत होता, थांबवला की दुसरा हलायचा. पुढच्या रांगेतली टकली एका तालात खाली-वर होत होती आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की आता चौथं गाणं येईल.

ते आलं. त्या ओळीच्या जरा आधी धप्प झालं.

तो ड्रम नव्हता. ड्रमवाल्याचे दोन्ही हात वर हवेत होते. बटाट्याचं पोतं फरशीवर टाकावं, तसा आवाज. आणि गाणारा अडला. "दिवा राहू... दिवा राहू... दिवा राहू दे." तीनदा त्याची मान तश्शीच झटकली, तीनदा तोंड तेवढंच उघडलं. कुणी दचकलं नाही. अख्ख्या नाट्यगृहाने ती ओळ तीनदा म्हटली.

"डेस," मी कुजबुजले, "ही ओळ तीनदा आहे?"

"नेहमीच तशी आहे, पोरी." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग वास आला. कांदा करपल्याचा. आई त्या दिवशी कांदा परतत होती, ते पातेलं मीच नंतर घासलं होतं. आणि बाजूच्या दारापाशी, तांबड्या दिव्याखालून, कुणीतरी हळू बोललं. आई कधी ओरडून हाक मारायची नाही. साइड चालू असताना तर नाहीच.

"क्लाइव्ह... जरा येतोस का..."

बापाची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली.

"डॅड... ऐकलंस?"

तो समोरच बघत राहिला.

"डॅड. ती बोलावतेय. ऊठ ना..."

"साइड संपू दे," तो म्हणाला. वैतागून. घरी म्हणायचा, अगदी तसंच.

माझं उत्तर मला मिळालं. त्या दिवशी घरात धप्प झालं, सुई उडली, आणि या माणसाला राग आला तो सुईचा. मग हाकही ऐकली. आणि बसून राहिला. त्याचं तोंड फोडावं असं वाटलं. पण मीही उठले नाही. माझे गुडघे शाबूत आहेत, उठता आलं असतं. मी त्याच घरात वाढलेय. हाक अजून दोनदा आली, दर वेळी खालच्या आवाजात. मग आलीच नाही.

साइड संपली, दिवे लागले. बाप खुर्चीला न धरता उठला आणि बाजूच्या दाराकडे चालू लागला, भराभर, त्या गुडघ्यांवर. मी मागे धावले, पण मध्ये संडासाकडे निघालेल्या म्हाताऱ्यांची भिंत. मी पोचले तेव्हा दार नुकतंच बंद होत होतं. ओढून उघडलं. मागे विटा होत्या. ते दार फार वर्षांपूर्वीच बुजवलंय, असं तिथल्या माणसाने पोलिसांना सांगितलं. बाप अजून सापडलेला नाही.

गेल्या आठवड्यात मी ती तबकडी लावली. आता सुई उडत नाही. त्या ओळीपाशी धप्प होतं, मग खुर्ची सरकते, मग पावलं. एक पाय ओढत टाकलेली. गिटारच्या खाली ती चालत राहतात, चालत राहतात, आणि दर वेळी साइड संपेपर्यंत आदल्या वेळेपेक्षा थोडी पुढे गेलेली असतात. मी रोज लावते.

आत्ताही चालू आहे, म्हणून हे लिहितेय, बोलत नाहीये. चौथं गाणं होऊन गेलं. आज पावलं पोचली. दार उघडलं. कांदा करपल्याचा वास येतोय, आणि माझ्या घरात कुणी काही शिजवत नाहीये.

"कीली... जरा येतेस का..."

बापाचा आवाज आहे. दमलेला. स्पीकरमधून येतोय की स्वयंपाकघरातून, ते कळत नाही. उठून बघायला हवं.

अजून एक गाणं बाकी आहे.