कानसेनाने न ऐकलेली गिटार

त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं साधंच होतं. राग नाही, टोमणा नाही, अक्षर टपोरं आणि जरासं डावीकडे कललेलं. विचारलं होतं एवढंच – 'माझी गिटार ऐकताना आपण अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज किती ठेवला होता? कळलं तर दोष कुठे आहे ते मला शोधता येईल.'

दोष कुठे आहे ते त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर लेखणी उचलत नव्हती.

दिवसा तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि फावल्या वेळात एका संगीत मासिकात 'कानसेन' या टोपणनावाने वाद्यांची परीक्षणं लिहायचा. माणूस कमालीचा भिडस्त. राहायचा पातळ भिंतींच्या इमारतीतल्या एका खोलीत. शेजारी ऐकतील या धास्तीने इलेक्ट्रिक गिटारसुद्धा तो वायर न जोडता, लाकडाला कान लावून वाजवायचा. नावाजलेल्या गिटारींचा आवाज दुकानांतून कानावर पडलेला असे, त्यामुळे आजवर निभावलं होतं. मासिकाकडे परीक्षणाला आलेली ही गिटार मात्र एका नव्या कारागिराची, पहिलीच.

भरीव लाकडाची गिटार पोकळ गिटारसारखी पोटातून गात नाही. तारांखालचे पिकअप तारेची थरथर टिपतात, वायरीतून पुढे पाठवतात, तेव्हा कुठे तिला कंठ फुटतो. वायर नसेल तर ती नुसती कुजबुजते. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण ही कुजबूज त्याच्या जुन्या गिटारपेक्षाही हळू वाटली, संपादकांचा निरोपावर निरोप येत होता, आणि त्याने लिहून टाकलं – 'मान लोण्यासारखी, बोटं आपसूक सरकतात. आवाज मात्र अशक्त.'

मग ते पत्र आलं. त्याने ते वाचलं, घडी घातली आणि शब्दकोशात ठेवून दिलं. त्यानंतर एखादा शब्द अडला तरी तो शब्दकोश उघडायचं टाळू लागला.

अशाच एका भुरभुरत्या संध्याकाळी तो बसथांब्यावर उभा होता. थांब्याचं छप्पर गळत होतं. शेजारी एक तरुणी – केस भिजलेले, खांदे भिजलेले, आणि छत्री मात्र पायाशी उभ्या केलेल्या गिटारच्या पिशवीवर धरलेली! त्याने बराच वेळ विचार केला आणि आपली छत्री हळूच तिच्या डोक्यावर सरकवली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “मी विरघळत नाही. हिचा भरवसा नाही.”

“मग… दोन्ही हिच्यावरच धरू या का?”

ती हसली. हसताना तिचा एक डोळा किंचित बारीक व्हायचा. बस येईना, आणि तिचं बोलणं थांबेना. गिटार तिने स्वतः बनवली होती. दुकानात विकायला ठेवली होती, आज परत नेत होती. कोणी कानसेन म्हणून आहे, त्याने आवाज अशक्त आहे असं लिहिलं आणि दुकानदाराने हात जोडले.

त्याच्या हातातली छत्री कलली. पाणी सरळ तिच्या मानेवर पडलं.

“तो… चुकला असेल,” तो कसाबसा म्हणाला.

“छे हो. एवढा जाणकार माणूस. माझंच कुठेतरी चुकलंय. पत्र लिहून विचारलं होतं, पण मोठी माणसं, त्यांना वेळ कुठला…”

तिने शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. तिच्या आवाजातला आदर त्याला सोसेना. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बस आली. त्याने पिशवी वर चढवून दिली, आणि आपली बस ती नव्हती हे विसरून स्वतःही चढला.

तिची कार्यशाळा म्हणजे तिच्या वडिलांच्या सुतारकामाच्या जागेतला खिडकीकडचा कोपरा. वडील कपाटं करायचे, ती गिटारी. दुसऱ्या दिवशी तो आपली जुनी गिटार घेऊन तिथे गेला. निमित्त असं की तारा पडद्यांपासून फार उंच आहेत, दाबताना बोटं दुखतात. जाताना ठरवलं होतं की सगळं सांगून टाकायचं. परतताना एवढंच सांगून झालं होतं की चहा छान होता.

मग तो जातच राहिला. तिने त्याच्या गिटारची तारा पेलणारी घोडी खाली घेतली, मानेतला बाक काढला. तारा आता हलक्याशा स्पर्शानेही बोलू लागल्या, तरी तो जुन्या सवयीने दाबतच होता. तिने त्याचा अंगठा धरून मानेच्या मागे नीट टेकवला.

“तारेचा गळा नाही आवळायचा,” ती म्हणाली. “नुसतं टेकायचं. घाबरता कोणाला एवढं?”

“सवय आहे.”

“तारेला घाबरायची, की मला?”

त्याचे कान लाल झाले. पलीकडून रंधा मारता मारता वडील म्हणाले, “पोरी, पाहुण्यांची गिटार दुरुस्त होऊन झाले की बरेच दिवस. आता रोज काय दुरुस्त करतेस?” ती वळली नाही, पण अंगठाही लगेच सोडला नाही.

घरी येऊन तो तो अंगठा बघत बसायचा, आणि मग शरमेने हात खिशात घालायचा. हे सगळं आपण चोरून घेतोय असं त्याला वाटे. ज्या माणसाशी ती हसते, तो माणूस तिला माहीतच नाही.

शिवाय ती त्या नसलेल्या दोषाच्या मागे हात धुऊन लागली होती. मूळचे पिकअप काढून डब्यात ठेवले, दुसरे घेऊन त्यांची तार नव्याने गुंडाळली, पुन्हा उसवली, पुन्हा गुंडाळली. आवाज मोठा होत गेला तसा गढूळही होत गेला. शेवटी तिने ठरवलं की गिटारच्या अंगातच मोठा खड्डा कोरायचा आणि बाजारातला दांडगा पिकअप बसवायचा. तेही फसलं तर गिटारी बंद, वडिलांबरोबर कपाटं.

त्या दुपारी तो गेला तेव्हा गिटार पकडीत आवळलेली होती. लाकडावर पेन्सिलीने चौकोन आखलेला. तिने कोरायचं यंत्र हातात घेतलं होतं.

“थांबा,” तो म्हणाला.

“भीती वाटत असेल तर तोंड फिरवा.”

“नको, कोरू नका. तिच्यात दोष नाही. कानसेन… मी आहे. आणि मी… मी वायर जोडलीच नव्हती.”

रंध्याचा आवाज थांबला. वडील उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. त्याने सगळं सांगितलं. पातळ भिंती, शेजारी, संपादकांची घाई. सांगता सांगता त्यालाच ते इतकं पोरकट वाटलं की शेवटची वाक्यं तोंडातच विरली.

तिने यंत्र खाली ठेवलं. पेन्सिलीच्या चौकोनावरून बोट फिरवत राहिली.

“उत्तर का नाही दिलंत?”

“लाज वाटली.”

“आणि रोज इथे यायला नाही वाटली?”

“वाटायची. रोज वाटायची. तरी… पाय इकडेच वळायचे.”

तिने वर पाहिलं नाही. डब्यातून मूळचे पिकअप काढले, ते गिटारमध्ये परत बसवले आणि स्क्रू पिळू लागली. मदतीला तो पुढे झाला तर तिने कोपराने अडवलं. काम झाल्यावर तिने गिटार पिशवीत घातली आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या हातात दिला.

“घेऊन जा. ऐका. मग सांगा. आणि इथे येऊन तोंडी नको. मी पत्र पाठवलं होतं, पोस्टाने.” जरा थांबून ती म्हणाली, “पोस्टमन सकाळी येतो. दार मीच उघडते.”

रविवारी भर दुपारी त्याने शेजारच्या काकूंचं दार वाजवलं आणि थोडा आवाज होईल म्हणून आधीच माफी मागितली. काकू बघतच राहिल्या. हा माणूस बोलतो, हीच त्यांना बातमी होती.

त्याने वायर जोडली. आवाजाचं बटण पाचावर नेलं आणि एक तार छेडली.

स्वर निघाला तो निघालाच. त्याने बोट तसंच टेकवून ठेवलं आणि वाट पाहिली, तो विरेना. खोलीभर उभा राहिला, स्वच्छ, थोडा खर्जातला, कडेला किंचित धार असलेला. आता त्याला उमगलं. ते घट्ट लाकूड थरथर हवेत उधळून टाकत नव्हतं, तारेतच राखून ठेवत होतं. म्हणून कान लावणाऱ्याला कमी ऐकू येत होतं. त्याने तार हलकेच वर खेचली, स्वर सुरेल चढला. सोडली, तसा अलगद जागेवर आला. बोटांना जोर लावावाच लागत नव्हता. मध्येच तो चपापून थांबला, तर भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या, “अहो, अर्धवट कशाला सोडता?”

मग तो संध्याकाळपर्यंत वाजवत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने संपादकांना खरं काय ते सांगितलं. पुढच्या अंकात चुकीची कबुली छापायची, त्याच्या खऱ्या नावाने, आणि सदर दुसऱ्या कोणाला द्यायचं असं ठरलं. त्याने मान डोलावली. वाईट वाटलं, पण वाटेल असं वाटलं होतं तेवढं नाही.

नंतर तो टेबलाशी बसला. कितीतरी कागद फाडले आणि शेवटी एवढंच उरलं –

'आवाज पाचावर ठेवला होता. दोष गिटारमध्ये नाही, तो लिहिणाऱ्यात होता. स्वर लांब टिकतो, तार खेचली तरी सूर सोडत नाही. पिकअपना कृपया हात लावू नये. माझी गिटार तुम्ही पहिल्याच आठवड्यात दुरुस्त केली होती. त्यानंतर मी तुम्हाला बघायला येत होतो. क्षमा मागतो, पण येत होतो याबद्दल नाही. यायचं की नाही ते तुम्ही सांगाल तसं.'

आणि खाली, कानसेन न लिहिता, स्वतःचं नाव.

पोस्टाच्या पेटीशी तो थबकला. पाकीट अर्धं आत, अर्धं बोटांत. एक शब्द खटकत होता. 'बघायला' ऐवजी 'भेटायला' बरं दिसलं असतं का… फोडून बदलावं का…

मागे एक गृहस्थ पत्र घेऊन उभे होते. “टाकताय ना?” त्यांनी विचारलं.

“हो,” तो म्हणाला, आणि बोटं सैल सोडली.