सवयींचं पान

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. आणि ही रात्रीची गोष्टही नाही. मंगळवार, दुपारचे तीन. तिसऱ्या मजल्यावरचा आमचा सर्जरी वॉर्ड.

मी तिथे अकरा वर्षं नर्स आहे.

मेट्रनबाईंनी नवे फॉर्म आणले होते. शेवटच्या पानावर मथळा होता, 'रुग्णाच्या सवयी'. म्हणजे प्रत्येक पेशंट वेगळा, म्हणून त्याची काळजीही वेगळी घ्यायची. ऐकायला छान! पण पेशंट बत्तीस आणि आम्ही दोघी. जिथे मरायला फुरसत नाही, तिथे आवडीनिवडी कोण विचारत बसणार? आम्ही सगळ्याजणी डोळे झाकून लिहायचो, 'विशेष काही नाही.'

त्या आठवड्यात सात नंबरच्या बेडवर माझी आईच होती. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते.

तिच्या पानावरही मी तेच लिहिलं. हाताच्या सवयीने. आजही लाज वाटते.

भेटीची वेळ संपून वॉर्ड पेंगुळला होता. मी ट्रॉलीवर औषधं लावत होते आणि...

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

सात नंबरकडून.

पडदा बाजूला केला. आई एकटीच. बेडला अगदी लागून एक खुर्ची.

"कोण बसलं होतं गं?"

"ती दुसरी सिस्टर. कालपासून येतेय. किती निवांत बसते! नाहीतर तू, सदा आपली घोड्यावर."

मला हसू आलं. बसायला वेळ असलेली सिस्टर आमच्या वॉर्डात अजून जन्मायची होती.

सहज खुर्चीला हात लावला...

गरम होती.

मी फाइल उघडली. माझ्या ओळीखाली बारीक, तिरकं अक्षर. आमच्यापैकी कुणाचंच नाही.

'दिवा मालवला की झोप लागत नाही.'

'चहा बिनसाखरेचा सांगतात. साखर हवी असते.'

दिव्याचं खरं होतं. साखरेचं मलाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या ओळीची शाई अजून ओली होती.

'मुलगी समोर असली की दुखत नाही म्हणतात.'

"आई, दुखतंय का?"

"छे गं. मला काय धाड भरलीये?"

मी बाहेर आले. माझ्या जोडीच्या सिस्टरला आत पाठवलं आणि पडद्याआड उभी राहिले.

"मावशी, खरं सांगा. दुखतंय का?"



"जीव जातोय गं. सकाळपासून. पण तिला नको सांगूस, आधीच दमलेली असते."

मी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. पोटात रक्तस्राव होत होता. अर्ध्या तासात आई पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये. आणखी तासभर गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

आई वाचली. बाहेरच्या बाकावर बसून मी ढसाढसा रडले.

मग शोध घेतला. त्या दुपारी ड्यूटीवर आम्ही दोघीच होतो. दुसरं कुणी आलेलं नाही, गेलेलं नाही. मेट्रनबाईंनी ते पान वाचलं, फाइल मिटली आणि म्हणाल्या, "आई बरी आहे ना? मग झालं तर."

माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

आईला घरी आणल्यावर एकदा तिचे केस विंचरताना मी विषय काढला.

"ती सिस्टर तुला काय काय विचारायची गं?"

"माझं एकदाच विचारलं. पुढे सगळं तुझंच."

"माझं?"

"तू कोणत्या कुशीवर झोपतेस, दुखलं तर बोलतेस का, कशाला घाबरतेस... मी सगळं सांगितलं. ती लिहूनच घेत होती की."

कंगवा माझ्या हातातच राहिला.

माझ्या नावाची फाइल अजून तरी वॉर्डात आलेली नाही. ड्यूटीवर गेले की मी आधी तेच बघते.