तीनचा फोन

कार्यालयाच्या दारातल्या माणसाने प्यायला पाणी मागितलं आणि तिने चमकून वर पाहिलं. चेहरा अनोळखी होता. पण आवाज... पाच महिने रोज दुपारी तीनला फोनवर "किती टक्के झालं?" विचारणारा तोच आवाज!

"तुम्ही... मुख्य कार्यालयातले?"

"आणि तुम्ही बेचाळीस टक्केवाल्या," तो हसला.

शाखेच्या सर्व्हरमधली सगळी माहिती रोज मुख्य कार्यालयाकडे पाठवायची, हे तिचं काम. राखीव प्रत, म्हणजे बॅकअपच तो, टाळता येत नव्हता. इंटरनेटची लाइन बारीक, माहिती डोंगराएवढी. सकाळी लावलेला बॅकअप तीनपर्यंत कसाबसा बेचाळीस टक्क्यांवर यायचा, तोवर सगळ्यांचे संगणक रांगायचे आणि साहेब तिच्यावर डाफरायचे. तरी तीन वाजत आले की या बाईसाहेब केस सारखे करायच्या. फोनवर ते कुणाला दिसणार होते, देव जाणे!

त्याने पिशवीतून एक डिस्क काढली. "सगळी माहिती एकदाच हिच्यावर घेतो आणि हातानेच तिकडे नेतो. मग लाइनवरून रोज फक्त बदललेलं तेवढंच पाठवायचं."

"इतकं सोपं?"

"इतकंच," तो वायरीकडे बघत म्हणाला.

डिस्क भरेपर्यंत दोघं सर्व्हरच्या गार खोलीत शेजारी शेजारी बसली. फोनवर तास तास गप्पा मारणारा हा गडी आता तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

"फोनवर तर बरंच बोलता," ती म्हणाली.

"फोनवर तुम्ही... अशा समोर नसता ना."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढं बोलून तो डिस्क छातीशी धरून निघाला, तो मागे वळूनसुद्धा न बघता! याचा अर्थ काय लावायचा, तिला काही केल्या कळेना.

तिसऱ्या दिवशी बॅकअप अकरा मिनिटांत झाला. साहेबांनी चक्क शाबासकी दिली.

"अगं, कटकट गेली की तुझी! मग तोंड का पडलंय?" टपाल बघणाऱ्या काकूंनी विचारलं.

"कुठे काय, काकू..."

तीन वाजले. फोन गप्प. बरोबरच होतं, आता टक्के विचारायचे कशाला? तीन वाजून सात मिनिटांनी तिनेच नंबर फिरवला.

"खरं सांगा, हा उपाय तुम्हाला कधी सुचला?"

"पहिल्याच आठवड्यात."

"आणि पाच महिने मला साहेबांची बोलणी खायला लावलीत?"

"बॅकअप चटकन झाला असता, तर रोज कुठल्या तोंडाने फोन केला असता? बोलण्यांचं मला माहीतच नव्हतं हो... तीन-चार दिवसांपूर्वी तुमच्या साहेबांचं पत्र आलं, की तुम्हाला काम जमत नाही, दुसरं माणूस द्या. मग राहवलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिकडे आलो."

तिला राग आला होता, अगदी खरा. डोळ्यांत पाणी कशाचं, ते मात्र समजेना. आणि ओठ तर केव्हाचे हसत होते.

"फोन ठेवू का?" त्याने घाबरत विचारलं.

"ठेवा. आणि उद्या बरोब्बर तीनला करा. आज सात मिनिटं वाट बघायला लावलीत."