सात बंदरांचा चोर

वैशाखातल्या दुपारी गोदावहिनींच्या ओटीवर बायका रातांबे फोडायला जमत. सन बत्तीस सालची, रत्नागिरीतली गोष्ट. आठ-दहा जणी, कोपरापर्यंत लाल झालेले हात, आमसुलांचा आंबट वास, आणि मधोमध झोपाळ्यावर गोदावहिनी. त्या मास्तरांची बायको. आळीत वाचता येणारी बाई ती एकटीच, म्हणून वहिनींनी वाचायचं आणि बाकीच्यांनी काम करायचं, असं ठरूनच गेलं होतं.

सगुणा त्या वर्षी पहिल्यांदाच आली होती. चिमा गेल्यापासून तीन वर्षं ती दुपारची कोणाच्या घरी गेली नव्हती. लेक साडेतीन वर्षांची. भर दुपारी मागच्या पोफळीच्या बागेतल्या विहिरीत सापडली. सगुणा तेव्हा मिरकरवाड्याला मासळी आणायला गेली होती. नवरा महिपत घरात होता. त्याचा डोळा लागला होता. "दार तू उघडं टाकून गेलीस," असं तो तेव्हा एकदाच म्हणाला, पुन्हा कधी म्हणाला नाही. पुन्हा म्हणायची गरजच नव्हती. तेव्हापासून सगुणा घराबाहेर पडताना कडीला हात लावायची, चार पावलं जाऊन परत यायची आणि पुन्हा हात लावायची.

"काल आगबोटीनं नवा अंक आला बरं का," वहिनींनी मुंबईचं मासिक उघडलं. "सात बंदरांचा चोर. प्रकरण चौथं."

"मागं कुठं होता गो तो मेला?" तुळसाकाकूंनी विचारलं.

"वेंगुर्ल्याच्या खाली. गलबत लुटून निघाला होता. ऐका आता."

वहिनी वाचू लागल्या. दर्यावर लूटमार करणारा तो चाचा, सात बंदरांना त्याची दहशत. लुटीचं सोनं घेऊन तो आपल्या आडबाजूच्या खाडीत शिरतो. तिथं माडाच्या झावळीवर त्याचा हिरवा पोपट वाट बघत असतो. चोरानं काठावर पाय ठेवला, की पोपट मान तिरकी करतो आणि एकच प्रश्न विचारतो, "ताय आनलं?"

ओटीवर हशा पिकला. "बोबडा पोपट! अगो बाई, बोबडा!" तुळसाकाकूंनी लाल हातानंच डोळे पुसले.

सगुणाच्या हातातला रातांबा अर्धा फुटून तसाच राहिला.

मासळीची पाटी घेऊन ती दारात आली, की चिमा पदराला लोंबकळायची. शब्दांच्या मधे एक बारीकसा आवंढा गिळायची. "आये, ताय आनलं?" लेक गेल्यावर हे दोन शब्द सगुणानं कोणा जिवंत माणसाला सांगितले नव्हते. फक्त जात्याला सांगितले होते. पहाटे दळताना तिनं एक लांबलचक ओवी बांधत नेली होती. गलबतावर तांडेल असलेल्या बापाकडून ऐकलेले चाचे तिच्यात होते, मलबारातून येणारे पोपट होते, आणि पोपटाच्या चोचीत तिनं आपली लेक ठेवली होती.

दर्यावरला गं चोर । फिरे सात बंदरांत,
त्याचं सारं गणगोत । एका राघूच्या चोचीत.

सोनं आणिलं होडीभर । मोती आणिले पसाभर,
राघू पुसे 'ताय आनलं?' । चोरा सुचेना उत्तर.

बाईची जात्यावरची ओवी पुरुषाच्या कानावर पडली, तरी त्यानं ती न ऐकल्यासारखी करायची, ही त्या मुलखाची रीत. सासूवरचा राग, माहेरची ओढ, पोटातलं जळणं, सगळं बाई तिथं बोलते आणि पीठ भरून उठते. त्या बोलण्याचा कोणी जाब विचारत नाही. कोणी ते उचलूनही नेत नाही.

"आणि या खेपेला खाली लेखकाचं नाव छापलंय. कोणाचं, माहीत आहे का?" गोदावहिनी झोपाळ्यावरून वाकल्या. "महिपत मयेकर! काय गो सगुणे, घरात लेखक पाळलास नि आम्हाला पत्ता नाही?"

महिपत छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. रात्री जागून तो छापखान्याचीच मुद्रितं तपासतो, असं तिला वाटत होतं. अक्षर तिला येत नव्हतं.

तो घरी आल्यावर तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "तुमी ऐकत होतात?"

त्यानं ओळखलं. आधी टोपी काढून खुंटीला लावली. "कानात बोळे घालून निजू काय? संपादकांनी पत्र धाडलंय. विलायती कादंबऱ्यांत चाच्याच्या खांद्यावर पोपट असतोच म्हणे, पण तो शिव्या घालतो. आपला विचारतो. वाचक खूश आहेत. दिवाळीला पुस्तक काढणार."

"तो शब्द चिमाचा होता."

"चिमा माझीपण होती," तो म्हणाला, आणि घटाघटा पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवसापासून सगुणा मुक्यानं दळू लागली. नुसती जात्याची घरघर. आतल्या खोलीत महिपत जागा आहे, हे तिला त्याच्या श्वासावरून कळायचं. चोराचं पुढं काय होतं, ते तिनं सांगितलंच नाही. महिपतनं दोन प्रकरणं आपल्या मनानं रेटली.

पण गोष्टीनं गाव पकडलं होतं. त्या पावसाळ्यात रत्नागिरीत पोपटांचं वेडच शिरलं. रानातून पिल्लं आणून विकणाऱ्यांची चंगळ झाली. न्हाव्याच्या दुकानात पिंजरा, चहावाल्याच्या फळीवर पिंजरा, शेजारच्या सईदाच्या भावानं, सुलेमाननं, दर्यावर जाताना आपल्या मचव्यावर नेण्यासाठी एक पाळला. ज्याला त्याला एकच धडा. सगुणा मासळीला निघाली, की दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून घोगरे, खरखरीत आवाज यायचे. ताय आनलं? ताय आनलं? ती खालमानेनं चालायची. गावानं आपल्या लेकीला खेळणं केलं, असं तिला वाटायचं.

श्रावणात एकदा ती न्हाव्याच्या दुकानावरून जात होती. तिथला पोपट ओरडता ओरडता थांबला. पिंजऱ्याच्या तारेला चिकटून त्यानं एक डोळा तिच्यावर रोखला. बुबुळ बारीक झालं, मोठं झालं. मग तो बोलला. आवाज खरखरीत नव्हता. दोन शब्दांच्या मधे एक आवंढा होता.

न्हाव्यानं वस्तरा थांबवून खुर्चीतल्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. "हे काय नवीन? तू शिकवलंस काय रे?"

"मी कशाला शिकवू?" खुर्चीतला साबण लावलेला माणूस म्हणाला.

सगुणाची पाटी रिकामीच होती, तरी तिला ती जड झाली.

मग सईदा कुंपणाशी आली. ती एरवी हसतमुख बाई. त्या दिवशी तिनं डोक्यावरची ओढणी दोनदा सारखी केली. "सगुणा, एक विचारू? वाईट नको वाटून घेऊ. सुलेमानचा पोपट काल म्हणतोय, 'आये, माजी तिंपली थांबात हाय.' आमच्यात आये कोण म्हणतं गो? आम्ही अम्मा म्हणतो."

चिमाला एक शिंपली सापडली होती, आतून गुलाबी. ती कुठं ठेवली, ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सगुणा घरात गेली. पडवीच्या खांबाला खाली वाळवीनं पोखरलेली एक खाच होती. तिनं बोट घातलं. शिंपली होती.

तिनं ती तिथंच ठेवली. त्या रात्री ती तीन वर्षांत पहिल्यांदा शांत झोपली, आणि सकाळी त्या झोपेचीच तिला भीती वाटली.

महिपतच्या कानावर यातलं काही नव्हतं, किंवा त्यानं येऊ दिलं नाही. मुंबईहून पत्रांवर पत्रं येत होती. दिवाळी गेली, पुस्तक अडलंय, शेवट पाठवा. वाचक विचारतात, पोपटाला उत्तर मिळालं की नाही. फाल्गुनात तो स्वतःच एक पोपट घेऊन आला.

"बघ तरी," तो लाडीगोडीनं म्हणाला. "दळताना समोर ठेव. सुचेल तुला पुढचं. पुस्तकावर हवं तर लिहीन, पत्नीच्या सहकार्यानं."

"कोणाच्या?"

"तुझ्या गो."

सगुणानं पोपटाला पेरूची फोड दिली.

तो पोपट बोललाच नाही. महिनाभर नाही. सगुणा आली की डोळे मिटायचा. महिपत आला की उघडायचा. तो लिहायला बसला की पोपट पिंजऱ्याच्या दाराशी सरकायचा आणि त्याच्या हाताकडे बघत राहायचा. महिपतनं पिंजऱ्यावर धोतर टाकलं. धोतराच्या आतूनही तो बघतो, असं तो एकदा म्हणाला आणि स्वतःच हसला.

चैत्र आला. बाहेर अंगणातला जांभा दगड तापून लाल झाला. अनवाणी पाऊल टेकवत नव्हतं. त्या दिवशी छापखाना बंद होता. दुपारी महिपत जेवायला बसला, सगुणा आमटी वाढत होती. दार लोटलेलं होतं. माडसुद्धा हलत नव्हते.

पिंजऱ्यातून आवाज आला. ठक. ठक. ठक.

चोचीचा आवाज असा नसतो. लाकडावर उघडा, लहानसा तळवा आपटावा तसा तो होता.

"बाबा," पोपट म्हणाला. आवंढा गिळला. "बाबा, दाल उघला."

महिपतचा घास तोंडाशी गेला होता. तो तिथंच राहिला.

"बाबा, पाय भादतात."

पुन्हा तळवा. ठक. ठक.

"भादतात, बाबा."

मग पावलं. भाजणाऱ्या दगडावरून उड्या मारत दूर जाणारी, हलकी. तीही त्या हिरव्या गळ्यातूनच आली. आणि मग काही नाही.

सगुणानं पळी भांड्यात ठेवली. आवाज होऊ दिला नाही.

"दार उघडं होतं ना?" तिनं विचारलं.

महिपत पानाकडे बघत होता.

"मी उघडं टाकून गेले होते ना?"

"सगुणा..."

"कडी आतून कोणी घातली?"

भातावरची आमटी पसरत पानाच्या काठाला आली.

"मी पहिलीच गोष्ट लिहीत होतो," तो म्हणाला. "सारखी मधे मधे येत होती. म्हटलं, जरा अंगणात खेळेल. आता उघडतो, आता उघडतो, असं चाललं होतं." त्यानं ओठ ओले केले. "पाच ओळी राहिल्या होत्या."

सगुणा उभीच होती. चार वर्षं कडीला लावलेला आपला हात तिनं वर करून बघितला. हा दुसऱ्याच कोणाचा हात आहे, असा.

"ती गोष्ट छापली काय?" तिनं विचारलं.

"नाही. परत आली."

त्याच आठवड्यात ती पिंजरा घेऊन आगबोटीत चढली. हर्णैला उतरली आणि खाडी ओलांडून आंजर्ल्याला भावाकडे गेली. भावानं एकदाच विचारलं, मग माडाच्या आगरातली एक खोली दिली. मागाहून सईदाकडून निरोप आला, की त्या दुपारपासून रत्नागिरीतले सगळे पोपट मुके झाले आहेत. लोकांनी पिंजरे उघडून दिले. मासिकात तांबड्या समुद्रावरची दुसरीच एक गोष्ट सुरू झाली. महिपत छापखान्यात जातो, पण खिळे उलटे लावतो.

आंजर्ल्याला सगुणा दळू लागली, तेव्हा आपोआप तोंड उघडलं. पोपट ऐकायचा. पहिल्या वर्षी तो अधूनमधून एखादा शब्द बोलायचा, बोबडाच. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा 'र' सुधारला. मग 'क' आला. पोपट होता तेवढाच होता, पिसं तीच, गळ्यावरचं काळं कडं तेच. भावजय म्हणायची, "वन्सं, तुमी आत कोणाशी बोलत असता?" सगुणा म्हणायची, "बोलते आपली."

पस्तीस सालच्या दिवाळीआधीची सकाळ. सगुणा अंगण सारवत होती. खोलीतून हाक आली. आवाजात बोबडेपणाचा लवलेश नव्हता. नऊ-दहा वर्षांची पोर जरा चिडून बोलते, तसा तो होता.

"आये, माझा परकर आखूड झाला गो."

सगुणानं हात धुतले, पदर सारखा केला आणि ती बाजारात गेली. दुकानदारानं फुलाफुलांचं चिटाचं कापड फळीवर उलगडलं. पोर केवढी आहे, असं त्यानं विचारलं.

सगुणानं तळहात छातीशी आडवा धरला. थोडा वेळ विचार केला, आणि चार बोटं वर नेला.