चारपेक्षा मोठा तुकडा

तालमीच्या भाषणाला एकच श्रोता आला, तोही खोली चुकून! विभागात नव्याने लागलेला संगणक-मास्तर किल्ली शोधत आत शिरला, आणि फळ्याशी उभ्या असलेल्या संशोधक विद्यार्थिनीचा उतरलेला चेहरा बघून त्याचा पाय निघेना. बसला बापडा पहिल्या बाकावर.

तिने सुरुवात केली. बीजगणितातल्या रचनांचं जे कुटुंब ती अभ्यासत होती, त्यातली प्रत्येक रचना मूळ तुकड्यांपासून घडते. हे तुकडे आणखी फुटत नाहीत. आणि त्यांतला एकही चार घटकांहून मोठा नसतो... तीन वर्षं खपून तिने ही मर्यादा सिद्ध केली होती. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा होता.

"पाच घटकांचा का नाही?" त्याने विचारलं.

"नसतो म्हणजे नसतो!"

"बरं बाई," तो हसला. हसताना त्याची एक भुवई वर गेली, आणि तिचं पुढचं वाक्यच हरवलं.

मग तो रोज दुपारी टपकू लागला.

"तुम्हाला काही कामधंदा?"

"आहे ना... हाच."

तिला राग यायचा. तो उशिरा आला की जास्तच यायचा. हे काय त्रांगडं आहे, तिला उमगेना.

गुरुवारी तो गप्पगप्प आला. एक कागद पुढे सरकवला — पाच घटक आणि त्यांच्या क्रियेचा तक्ता.

"संगणकाला सापडला. फुटत नाहीये."

संध्याकाळ होईपर्यंत ती त्या तुकड्याशी झटली. सगळे नियम पाळत होता, आणि फुटत मात्र नव्हता. तिच्या सिद्धतेच्या अकराव्या पानावर एक शक्यता चक्क सुटून गेली होती. तिचे डोळे भरून आले.

"कधी सापडला?"

"सोमवारी."

"आणि तीन दिवस मूग गिळून बसलात?"

"सांगितलं की तुम्ही माझं तोंड बघणार नाही, असं वाटलं. आणि मला तर..." तो अडखळला. "मला तू आवडतेस."

तू! प्रबंधासाठी रडावं, तीन दिवसांसाठी भांडावं, की या एका अक्षरासाठी... तिला काही सुधरेना.

"या कागदावर तुझं नाव लिही," शेवटी ती म्हणाली. "उद्या सरांना दोघांनी दाखवायचाय."

"आणि... माझं उत्तर?"

"मला काहीच कळत नाहीये रे!" तिने नाक पुसलं. "पण आत्ता उठून गेलास ना — तर बघ!"